शाळा संपल्यावर कुठे?

(१९९६च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'एआय आणि आपल्या मुलांच्या नोकऱ्या'. २४ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर त्यावर अर्धा तास बोलता येईल, पण त्या विषयावर रोज सकाळी व्हॉट्सॲपवर तुम्हाला पुरेसं वाचायला मिळतं. म्हणून मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो दिला, त्याबद्दल आभार. मला बोलायचंय ते वयाने मोठ्या झालेल्या बौद्धिक दिव्यांग माणसांच्या दिवसाबद्दल. सकाळी उठून, अंघोळ करून, डबा घेऊन त्यांनी जायचं कुठे, एवढाच प्रश्न आहे. तो माझ्या घरातला आहे, आणि मला माहीत आहे की या हॉलमध्ये आणखी दोन-तीन घरांतला आहे.

तुमच्यापैकी जे किसननगर, श्रीनगर, इंदिरानगरच्या बाजूला राहायचे त्यांना माझा दादा आठवत असेल. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आईबरोबर शाळेच्या फाटकाशी यायचा आणि माझं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा. पी.टी.च्या सरांना तो रोज सलाम ठोकायचा आणि सरही त्याला तसाच सलाम परत करायचे. सर आज इथे आहेत. सर, त्याला तो सलाम अजून आठवतो.

दादा आता पन्नाशीला आला. त्याच्या युडीआयडी कार्डावर 'बौद्धिक दिव्यांगत्व' असं लिहिलंय. आपल्या लहानपणी 'मतिमंद' म्हणायचे, मग 'गतिमंद', 'विशेष' असे शब्द आले. शब्द बदलले ते बरंच झालं, पण त्याला काय जमतं आणि काय नाही हे शब्दावरून कळत नाही. दादा वीसपर्यंत मोजतो. ताटं-वाट्या मांडतो, कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा चांगल्या घालतो. टीएमटीच्या कुठल्या बसमध्ये बसायचं ते त्याला कळतं. सुट्टे पैसे किती परत आले ते कळत नाही. पोटात दुखत असेल तर कुठे दुखतंय ते नीट सांगता येत नाही.

दोन गैरसमज आधी दूर करते, कारण शिकलेली माणसंही हे प्रश्न मला विचारतात. पहिला, "म्हणजे 'तारे जमीन पर'सारखं ना?" नाही. त्या सिनेमातल्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, त्याची बुद्धी चांगली आहे, अक्षरं त्याला दगा देतात. दुसरा गैरसमज आपल्या वागळे इस्टेटवाल्यांच्या जास्त जवळचा. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालापासून इथे आहे आणि त्यावरून उभ्या महाराष्ट्रात ठाण्याच्या नावाने विनोद होतात. आपणही ते ऐकत मोठे झालो. मानसिक आजार हा आजार आहे. तो कुठल्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर औषधोपचार असतात. बौद्धिक दिव्यांगत्व हा आजार नाही, ते औषधाने जात नाही. त्याला लागतं शिकवणं, सराव आणि सोबत, आणि ही तिन्ही आयुष्यभर.

आता मुद्द्यावर येते. लहान मुलासाठी समाजाने थोडंफार काहीतरी केलेलं आहे. मुंबईत शिवडीची जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली, वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने सुरू केलेली. ठाण्यात महापालिकेची 'जिद्द' ही विशेष शाळा आहे. ज्या शहराची महापालिका अशा मुलांसाठी स्वतः शाळा चालवते त्या शहराचा मला अभिमान वाटतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर, मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

अठरा वर्षांपर्यंत. त्यानंतर?

आपण अठरा वर्षांचे झालो तेव्हा कुणी रुपारेलला, कुणी ज्ञानसाधनाला, कुणी आपल्या रामनगरच्या आयटीआयला होतं. मी इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी गाइडं घासत होते. दादा अठरा वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या विशेष शाळेने छोटासा निरोप समारंभ केला, गुलाबाचं फूल दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो घरी. शाळेचा दोष नव्हता, नियमच तसा होता. पण अठरावं वर्ष संपलं म्हणून माणसाचा दिवस काही संपत नाही. उलट त्याच्यापुढे अजून चाळीस-पन्नास वर्षांचे दिवस असतात.

माणसाला सकाळी जायला जागा नसली की काय होतं, हे वागळे इस्टेटमधल्या मुलांना सांगायला नको. १ ऑगस्ट १९६२ला यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना एमआयडीसीचा जन्म झाला, तो समारंभ आपल्या वागळे इस्टेटमध्ये झाला. आपल्यापैकी निम्म्यांचे वडील याच वसाहतीत कामाला होते. भोंग्यावर घर चालायचं. पहिली पाळी, दुसरी पाळी, ओव्हरटाइम. आणि मग आपण सातवी-आठवीत असल्यापासून कंपन्या बंद पडायला लागल्या. कुणाला टाळं, कुणाला व्हीआरएस. तेव्हा घरात पैशाची ओढ आली ती आली. पण तुम्हाला आठवतंय का, पैशांपेक्षा वडील कशाने खचले? साडेसहाला उठून, दाढी करून, कपडे घालून ते पंख्याखाली बसायचे. डबा भरायचा नव्हता. "आज काय केलंत?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. धडधाकट, हुशार, युनियनच्या सभा गाजवणारी माणसं सहा महिन्यांत म्हातारी झालेली आपण पाहिली आहेत.

तेच दादासारख्या माणसाचं होतं. फरक इतकाच की तो नाक्यावर जाऊन चारचौघांत बसू शकत नाही आणि काय होतंय ते बोलून दाखवू शकत नाही. मग ते दुसऱ्या वाटेने बाहेर येतं. झोप बिघडते, वजन वाढतं, एखादी गोष्ट हजार वेळा विचारली जाते, चिडचिड होते. आणि शिकलेलं विसरलं जातं. शर्टाची बटणं लावायला शिकवायला ज्या मुलामागे कुणी दोन वर्षं घालवली, तो सहा महिने घरात टी-शर्टवर बसला की बटण विसरतो.

म्हणून दिवसाचं केंद्र लागतं. कुणी त्याला डे केअर म्हणतात, कुणी कार्यशाळा. तिथे काय चालतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण 'डे केअर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पाळणाघर येतं.

सकाळी हजेरी. स्वतःच्या नावापुढे स्वतः खूण करायची. मग वार, तारीख, पाऊस आहे का ऊन. मग व्यायाम किंवा नाच. त्यानंतर काम. कुणी कागदी पिशव्या चिकटवतो, कुणी फायली बनवतो, कुणी पाकिटात दहा-दहा नग मोजून भरतो. दहा मोजता येत नसतील तर दहा खड्डे असलेला ट्रे असतो. खड्डे भरले की दहा झाले. श्रावणात राख्या, गणपतीनंतर पणत्या, उटणं, आकाशकंदील. दिवाळीआधीचा महिना तर घाईचा, शिक्षिकासुद्धा घरी उशिरा जातात. दुपारी सगळ्यांनी एकत्र डबा खायचा, ज्याचा त्याने घासायचा. आठवड्यातून एकदा भाजी घ्यायला बाजारात. महिन्याच्या शेवटी पाकिटात थोडा मेहनताना. रक्कम कितीही लहान असो, दादा ते पाकीट आईच्या हातात देतो तेव्हा बाबांची पगाराची तारीख आठवते. त्याला रोज सकाळी वाट पाहणारी माणसं आहेत. भांडायला मित्र आहे. रविवार हा रविवार वाटतो, कारण सोमवार आहे.

दुसरा फायदा होतो तो आईला. तुमच्यात आयटीवाले बरेच आहेत, त्यांना कळेल अशा भाषेत सांगते. ज्या घरात प्रौढ बौद्धिक दिव्यांग माणूस आहे त्या घराची सगळी सिस्टीम एकाच सर्व्हरवर चालते, आणि त्या सर्व्हरचं नाव आई. बॅकअप नाही, मेंटेनन्सला सुट्टी नाही. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आई आता ७६ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात. केंद्र सुरू असतं तेव्हा तिला दिवसाचे पाच तास स्वतःचे मिळतात. त्यात ती बँकेत जाते, डॉक्टरकडे जाते, एखादे दिवशी नुसती आडवी होते. त्या पाच तासांवर माझी नोकरीही उभी आहे. ज्या घरी असं केंद्र मिळत नाही तिथे कुणीतरी नोकरी सोडतं, आणि ती बहुतेक वेळा बाई असते.

हे सगळं किती नाजूक पायावर उभं आहे ते आम्ही २०२०मध्ये पाहिलं. दादा ज्या केंद्रात जायचा ते भाड्याच्या दोन खोल्यांत, चार शिक्षिका आणि पालकांच्या वर्गणीवर चाललेलं होतं. लॉकडाउनमध्ये बंद झालं. भाडं थकलं, जागा सोडावी लागली आणि ते पुन्हा उघडलंच नाही. चालवणाऱ्यांनी जिवापाड प्रयत्न केले, त्यांना बोल लावण्यासारखं काही नाही. दादा मात्र रोज सकाळी साडेआठला पिशवी घेऊन दाराशी उभा राहायचा. आई सांगायची, "आज सुट्टी." सुट्टी किती दिवस असते हे त्याला विचारता येत नव्हतं आणि आम्हाला सांगता येत नव्हतं. दोन वर्षांनी नौपाड्याच्या बाजूला दुसरं केंद्र मिळालं. चांगलं आहे. पण सोडायला-आणायला आईच्या दिवसाला रिक्षाच्या चार फेऱ्या होतात. महिन्याला साधारण साडेचार हजार रुपये नुसते रिक्षाचे. मला परवडतात. आमच्याच चाळीतल्या, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एका बाईंना परवडत नाहीत. त्यांची तीस वर्षांची मुलगी दिवसभर बाहेरून कडी लावलेल्या खोलीत असते. त्या बाईंना क्रूर म्हणण्याआधी, त्यांच्या जागी आपण काय केलं असतं ते प्रत्येकाने मनात बघावं.

आपल्या गणिताच्या बाई म्हणायच्या, नुसतं उत्तर लिहू नका, पायऱ्या लिहा. बाई, आपल्या देशात कायद्याच्या पुस्तकात उत्तर बरंचसं बरोबर आहे, पायऱ्या गाळलेल्या आहेत. आपण दहावीच्या परीक्षेची तयारी करत होतो तेव्हा, ७ फेब्रुवारी १९९६ला, देशातला पहिला अपंग व्यक्ती कायदा लागू झाला. १९९९मध्ये राष्ट्रीय न्यास म्हणजे नॅशनल ट्रस्टचा कायदा आला, खास स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व असलेल्यांसाठी. मग २०१६चा कायदा आला; त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. त्यातलं एकोणिसावं कलम सांगतं की बौद्धिक दिव्यांगांसाठी बाजाराशी जोडलेलं खास कौशल्य-प्रशिक्षण असावं. सदतिसाव्या कलमात, सवलतीच्या दराने जमीन देताना पाच टक्के राखीव ठेवायची तरतूद आहे, आणि त्यात करमणूक केंद्र व उत्पादन केंद्र यांचा स्पष्ट उल्लेख आहे. नॅशनल ट्रस्टची दिवसाच्या केंद्रांची 'विकास' योजना आहे, आता 'दिशा'ला जोडलेली. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. डिसेंबर २०२२पासून राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे.

म्हणजे कायदा आहे, विभाग आहे, निधीही आहे. पण सहा ते अठरा वयाच्या मुलाबद्दल 'हक्क' असा शब्द आहे. एकोणिसाव्या वर्षापासून 'योजना' असा शब्द येतो. हक्क नाकारला तर कोर्टात जाता येतं. योजनेसाठी आधी कुणीतरी संस्था काढायची, जागा शोधायची, नोंदणी करायची, अर्ज करायचा आणि अनुदानाची वाट पाहायची. हा 'कुणीतरी' आपल्याकडे बहुतेक वेळा पालकच असतो. ठाण्यातलं 'विश्वास' केंद्र बघा, जागृती पालक संस्था बघा, डोंबिवलीची 'अस्तित्व' आणि 'क्षितिज' बघा. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेने 'घरकुल' उभं केलं, तिथे तर ही मुलं कायमची राहतात. ही सगळी कामं पाहून मान खाली झुकते. पण पूर्ण शहराची गरज पालकांच्या खांद्यावर टाकून आपण कौतुकाच्या टाळ्या वाजवायच्या, हे मला पटत नाही. आपल्या मुलांना शाळा हवी म्हणून आपण प्रत्येकाने शाळा काढली का?

२०११च्या जनगणनेत देशात बौद्धिक दिव्यांगांची नोंद सुमारे १५ लाख झाली. शेजारी घरात माणूस आहे हे लोक जिथे लपवतात, तिथे मोजणाऱ्याला किती सांगत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

कामानिमित्त मी दोन वर्षं कॅलिफोर्नियात होते. तिथे १९६९चा लँटरमन कायदा आहे. त्याखाली अशा माणसाला सेवा मिळण्याचा हक्क आहे, आणि तो वयाबरोबर संपत नाही. आमच्या कॉलनीतून सकाळी एक व्हॅन मोठ्या वयाच्या चार-पाच जणांना घेऊन जायची. बाकी सगळ्यांच्या दृष्टीने ती शाळेच्या बससारखीच रोजची गोष्ट होती, कुणी वळून बघायचं नाही. मला मात्र रोज दादा दिसायचा. श्रीमंत देशांत सगळं सुरळीत आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये खर्चकपातीच्या काळात अनेक नगरपरिषदांनी अशी केंद्रं बंद केली. मागणारे गप्प बसले की असलेलंही जातं, हे तिथेही खरं आहे.

आता मागणं. पैशाचं नाही, त्यामुळे पाकिटं खिशातच राहू द्या.

पहिलं, आपल्या वागळे प्रभागात महापालिकेचं, निदान महापालिकेने जागा दिलेलं, एक दिवसाचं केंद्र व्हावं. एसी हॉल नको. तळमजला, दोन मोठ्या खोल्या, नीट संडास, पाणी आणि टीएमटीच्या थांब्यापासून चालत जाता येईल एवढं अंतर. ज्या वसाहतीत हजारो माणसांना जायला जागा होती तिथे तीस-चाळीस माणसांना जागा मिळू नये, हे मला मान्य नाही. निवेदन मी लिहून आणलंय. आपल्या बॅचमध्ये वकील आहेत, महापालिकेत काम केलेले आहेत, पक्षात असलेलेही आहेत. त्यांनी ते वाचून सुधारावं. सह्या नंतर करू.

दुसरं, तुमच्यापैकी तिघा-चौघांचे रोड नंबर १६, २२च्या बाजूला अजून गाळे आहेत. मोजून भरणं, लेबल लावणं, खोकी जुळवणं अशी कामं तुम्ही बाहेर देता. त्यातलं दर महिन्याला थोडं काम अशा एखाद्या केंद्राला द्या. दया म्हणून दर वाढवू नका आणि उपकार म्हणून कमीही करू नका. माल खराब आला तर परत पाठवा. परत आलेला माल नीट करणं हेही त्यांच्या शिक्षणातच येतं.

तिसरं, ज्यांच्या घरी किंवा नात्यात असं कुणी आहे त्यांच्यासाठी. युडीआयडी कार्ड काढा. नॅशनल ट्रस्टचा 'निरामय' आरोग्यविमा घ्या, वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. आई-वडील हयात असताना तो केला की पुढचं सोपं जातं. मी या कार्यालयांच्या फेऱ्या मारलेल्या आहेत. कागदपत्रांची यादी माझ्याकडे तयार आहे, हक्काने फोन करा.

चौथं मागणं सगळ्यांत स्वस्त. तुमच्या इमारतीत असं कुणी असेल तर त्याच्या आईशी बोलता तसं त्याच्याशीही बोला. नावाने हाक मारा. "काय रे, जेवलास का?" एवढं पुरे. आपल्या पी.टी.च्या सरांनी एक सलाम परत केला, त्याला तीस वर्षं होऊन गेली.

माझ्या आईला मी एकदा विचारलं, तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मला वाटलं, ती म्हणेल, माझ्यामागे याचं कसं होणार. ती म्हणाली, "मागचं तू बघशील ग. पण रोज सकाळी त्याला कुठे पाठवशील?" मी पगार मिळवू शकते, घर घेऊ शकते, बाई ठेवू शकते. वीस मित्र, हजेरीची वही आणि सोमवार मी एकटी निर्माण करू शकत नाही. ते शहरालाच करावं लागतं, आणि शहर म्हणजे आपणच.

निवेदन त्या डावीकडच्या टेबलावर ठेवलंय, चहाच्या शेजारी मुद्दाम ठेवलंय. चहा घेतल्याशिवाय तुम्ही कुणी जाणार नाही, हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे.